फणसाचा जामीन

“थंडीत बागेला काम ते काय असतं?” असं मला कोणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याच्या टाचांकडे बघते. टाचा स्वच्छ असल्या तर उत्तराच्या भानगडीत पडत नाही. पण यंदा या अंकाच्या संपादकबाईंनीच विचारलं, आणि फोनवर काही त्यांच्या टाचा दिसल्या नाहीत. तेव्हा सांगते.

मी सुलोचना. दिवेआगरात मला सगळे सुलू माळीण म्हणतात. जातीची माळी नव्हे हो, कुणब्याची पोर, पण लोकांच्या परसात हात घालून घालून नाव पडलं ते पडलंच. घरची भातशेती उरकली की उरलेलं वर्ष मी दुसऱ्यांच्या बागा केल्या. कोणाचं घरामागचं परस, कोणाचा बंगला, कोणाच्या नारळी-पोफळीच्या वाडीचा एखादा कोपरा. आता गुडघे बोलायला लागलेत म्हणून काम सोडलंय. सोडलंय म्हणजे, कोणी हाक मारली तर जाते.

बाहेरच्यांना वाटतं पावसाळा म्हणजे बागेचा हंगाम. कसला हंगाम! पावसात वाढतं ते रान. बाग वाढवायची ती दसरा झाल्यावर, आणि तेव्हाही पहिलं काम म्हणजे गप्प बसणं. माती ओली गच्च असते. तिच्यात पाय घातलात तर ती पुढे उन्हाळाभर विटेसारखी बसते. रोज सकाळी मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि खाली सोडायचा. गोळा तसाच राहिला तर घरी जाऊन चहा प्यायचा. गोळा फुटून मोकळा झाला की समजायचं वाफसा आला, माती कामाला तयार झाली. मग मात्र चहालाही सवड नाही.

गवत काढा, वाफे करा. मुळा, माठ, मेथी पेरा, पांढऱ्या कांद्याची रोपं लावा. नारळी-पोफळीच्या बुंध्याशी आळी करा, म्हणजे पाणी धरून ठेवणारे गोल खळगे, आणि त्यांत नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, पुरा. समुद्राच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधून आडोसा करा, कारण या दिवसांत दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि कोवळं पान करपवून टाकतो. पोफळीच्या लहान रोपांना दक्षिणेच्या बाजूने पांघरूण बांधा. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, ऊन तिरकं येतं आणि खोड भाजतं. माणसाला थंडीत उन्हात बसावंसं वाटतं, पोफळीला नाही.

आणि आमची थंडी ती काय! पहाटे गोधडी ओढायची आणि न्याहारीच्या वेळेला पदराने घाम पुसायचा. पण एवढ्याशा थंडीत जे होतं ते बघून मी आजवर थक्क होत आले आहे. वालाचंच घ्या. भात कापलेल्या जमिनीत वाल टाकायचे आणि विसरून जायचं. वरून पावसाचा थेंब नाही, कोणी पाणी शेंदत नाही. जमिनीतली उरलीसुरली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर तो वेल फुलतो आणि शेंगांनी लगडतो. उजाडायच्या वेळी वालाच्या शेतातून चालून बघा, गुडघ्यापर्यंत लुगडं पिळून काढण्याइतकं भिजतं. आभाळातून न पडता एवढं पाणी आलं कुठून? शाळेतल्या गुरुजींनी मला समजावून सांगितलंय. समजलंही. तरी दरवर्षी अंगावर काटा यायचा तो येतोच. त्याच शेंगांची पोपटी तुम्ही मडक्यात भाजून खाता. खाताना दवाची आठवण काढता का, एवढंच विचारते.

आणखी एक. थंडीतलं अर्धं काम हात न लावण्याचं. आंब्याला पाणी तोडायचं, तो जरा तहानला की मोहोर काढतो. मोगऱ्यालाही पौषात तहानलेला ठेवायचा, पानं झडू द्यायची. घरच्या मालकिणी कळवळतात, “अगं, मरेल तो!” मरत नाही. आतल्या आत काय चाललेलं असतं ते त्याचं त्याला माहीत, आणि शिमगा झाला की कळ्यांनी पांढरा होतो. बागेत येणाऱ्या नव्या बायांना मला हेच शिकवायला सगळ्यात जड गेलं. खुरपं चालवायला कोणीही शिकतं, खुरपं खाली ठेवून बसायला जीव घट्ट लागतो.

गिऱ्हाइकं एकेक भेटली! काशीदला एका बंगल्याची बाग माझ्याकडे होती. आठवड्यातून एकदा खाडी ओलांडून तरीच्या होडीने पलीकडे जायचे. मालकीण मुंबईची, मनाने लोण्यासारखी मऊ. एकदा डिसेंबरात जाते तर काय, बागेतल्या एकूण एक जास्वंदीला स्वेटर! खरंच सांगते. हाताने विणलेले, बटणंबिटणं लावलेले, एकाला तर कानटोपी. मी फाटकातच बसले. बाईंनी कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या बागांचे व्हिडिओ पाहिले होते. तिकडे थंडीत झाडांना गुंडाळून ठेवतात म्हणे. “सुलूताई, हसू नका, त्यांना गारठा बाधेल,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “बाई, हितल्या गारठ्यात आमचं मांजर बी अंग आखडत न्हाय.” गावभर मी ही गोष्ट सांगून लोकांना हसवलं. आणि झालं काय, त्या वर्षी खारा वारा असा काही सुटला की शेजारच्या बंगल्यांतल्या जास्वंदी करपून काळ्या पडल्या. स्वेटरवाल्या तेवढ्या टुकटुकीत! बाई नुसत्या कानटोपीवाल्या जास्वंदीकडे बोट करून उभ्या राहिल्या. मी खुरपं घेऊन कामाला लागले.

पण लिहायला बसले ती फणसासाठी.

दिवेआगरात मालतीकाकू म्हणून आहे. मी लग्न होऊन गावात आले त्या वर्षापासून तिच्या परसात माझं येणंजाणं. घराच्या मागून थेट सुरूच्या बनापर्यंत तिची पोफळीची वाडी होती. आत शिरलं की भर दुपारी संध्याकाळ वाटावी अशी दाट. करोनाच्या वर्षी वादळ आलं आणि एका दुपारात वाडी आडवी झाली. दुसऱ्या दिवशी मी गेले, तर घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसत होता. त्या दारातून समुद्र मी जन्मात कधी पाहिला नव्हता. काकू उंबऱ्याच्या आत उभी होती. म्हणाली, “सुलू, बघ गो, केवढा उजेड झाला.” मला रडूच फुटलं. ती रडली नाही.

उभं राहिलं होतं एकच झाड. विहिरीजवळचा फणस. त्याचाही शेंडा मोडून गेला होता, नुसतं खोड आणि दोन लुळ्या फांद्या. काकू सासरी आली तेव्हाही तो म्हाताराच होता म्हणे. गावात त्याच्या कापा गऱ्यांचं नाव होतं. वादळानंतर त्याला पालवी फुटली, पण फणस धरेना. एक हंगाम गेला, दुसरा गेला. लोक म्हणाले, संपला तो.

आणि काकूने त्या दिवसापासून मागच्या परसात पाऊल टाकलं नाही. कपडे पुढच्या अंगणात वाळत घालायला लागली, भांडी पुढच्या नळावर. “मागे माझं काय राहिलंय गो?” म्हणायची. मात्र दुपारचं आवरलं की मागच्या दाराच्या उंबऱ्याशी, आतल्या बाजूला, पाट घेऊन बसायची. तिथून समोर तो फणसच दिसायचा. हे मी कधी तिला बोलून दाखवलं नाही.

तिचा मुलगा शिरीष वादळानंतर पुण्याची नोकरी सोडून घरी आला. आईपाशी राहायला असं कोण येतं हल्ली? माणूस गुणाचा. पोफळी पुन्हा लावल्या, पण पोफळ फळायला वर्षं जातात. तोवर घर चालवायला त्याने पुढच्या खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. खोल्या भरायला लागल्या, तशा मागे आणखी दोन खोल्या काढायचं ठरलं. पाहुण्यांना समुद्राच्या अंगाची खोली हवी असते. आणि तिथे आडवा येत होता फणस.

त्या थंडीत मी नेहमीसारखी परसाचं काम धरायला गेले. मार्गशीर्ष लागला होता. शिरीष विहिरीशी उभा राहून फोनवर कोणाशी तरी बोलत होता. फोन झाल्यावर म्हणाला, “सुलूताई, विहिरीच्या अंगाला वाफे नका करू. पुढच्या आठवड्यात फणस तोडायचाय. तसंही वांझ झाड, नुसती जागा अडवतंय.”

लिहिताना मी शहाण्यासारखी लिहिते, पण बोलताना तोंडात येतं तेच येतं. मी म्हटलं, “दादा, तोडायचा तर तोडा, तुमचं झाड हाय. पन इचारल्याबिगर न्हाय तोडायचा.”

“कोणाला विचारू? ग्रामपंचायतीला?”

“फणसाला!”

तो हसला. म्हणाला, “विचारा की मग, तुमच्याच हाताने.”

आता ही आमच्याकडची रीत सांगायला हवी. झाड फळत नसलं की थंडीत एका सकाळी त्याला धमकी द्यायची. एकाने कोयता घेऊन तोडायला निघायचं आणि खोडाशी उभं राहून तीनदा विचारायचं, “फळतोस का तोडू?” झाड काय बोलणार? त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी आडवं यायचं आणि म्हणायचं, “नका तोडू, यंदा फळेल, मी जामीन.” की कोयता खाली. जो जामीन राहिला त्याने शिमग्यापर्यंत त्या झाडाची निगा राखायची, त्याच्याच हातचं पाणी, त्याच्याच हातची माती. तोवर झाडाला कोणी हत्यार लावायचं नाही. पण जामीन कोणीच राहिलं नाही तर घाव घालावाच लागतो. खोटी धमकी दिली तर झाडं पुढे कोणाचंच ऐकत नाहीत, असं जुनी माणसं सांगायची. आमच्यात हे सगळे मानतात, कुणबी काय आणि बामण काय. हसत हसत करतात, पण मोडत कोणी नाही.

माझ्या मनात सरळ हिशोब होता. काकू उंबऱ्याशी पाटावर बसलेलीच होती. मी विचारणार, ती जामीन राहणार, शिरीष आईचा शब्द मोडणार नाही, फणस वाचणार. एवढं पक्कं धरून मी कोयता उचलला.

खोडाशी गेले. मोठ्याने ओरडले, “फळतोस का तोडू?”

काकू उठून उभी राहिली. मला बरं वाटलं.

“फळतोस का तोडू?”

काकूने दाराची चौकट धरली. ओठ घट्ट मिटलेले. मी तिच्याकडे बघतेय, डोळ्यांनी खुणा करतेय, ‘अगो बोल!’ ती बोलेना. शिरीषचा फोन परत वाजला, तो पाठ फिरवून बोलायला लागला. खोल्यांच्या पायाचं काहीतरी चाललं होतं.

ही कसली अवदसा आठवली मला! बिचाऱ्या फणसाला अजून आठवडा तरी होता, मी जाऊन त्याचं मरण आजच्या दिवसावर आणून ठेवलं. मी स्वतः जामीन राहू शकत नव्हते, कोयता माझ्याच हातात. आणि रीत मोडायची तर जन्मभर ज्या झाडांना मी धमकावलं त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ? मला काकूचा असा राग आला म्हणून सांगू! वाटलं, ही बाई उंबऱ्यात उभी राहून सगळं जाऊ देणार. वाडी जाऊ दिली, आता हेही जाऊ देणार.

तिसऱ्यांदा विचारलं. आवाज फाटला माझा. “फळतोस का तोडू?”

कोणी आडवं आलं नाही. मी कोयता वर उचलला.

“ए थांबा! थांबा! नका तोडू! यंदा फळेल! मी जामीन!”

शिरीष. फोन कानालाच, समोरचा माणूस अजून बोलत असणार. दोन उड्यांत तो माझ्या आणि खोडाच्या मध्ये येऊन उभा राहिला, हात पसरून. लहानपणी या परसात जामीन राहायचं काम त्याचंच असायचं. आवळ्याचा जामीन तो, बिंबल्याचा जामीन तो, हात असेच पसरायचा. एवढा बाप्या माणूस, दाढी पिकायला लागलेली, आणि तोंडातून शब्द आले ते सात-आठ वर्षांच्या पोराचे, त्याच चालीत.

मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. फोन खिशात टाकत म्हणाला, “सुलूताई, तुम्ही मला गंडवलंत.”

“मी? मी कोयता धरला व्हता. तोंड तुमचं हाय.”

“पण मीच तोडायला काढलंय ना झाड!”

“मग आता शिमग्यापत्तूर तुमीच त्याला पानी घाला.”

वळून बघितलं तर काकू दारात नव्हती. आत देवापाशी जाऊन बसली होती. मी कोयता धुतला आणि तिच्याशी न बोलता घरी गेले.

रीत म्हणजे रीत. शिरीषने खोल्यांचं काम पुढे ढकललं आणि रोज सकाळी फणसाला पाणी घालायला लागला. सुरुवातीला तोंड वाकडं करून. मग मी एकदा म्हटलं, नुसतं पाणी काय घालता, बुंध्याशी पाचोळा पसरा, ओल टिकेल. तर गड्याने सगळ्या वाडीतला पाचोळा झाडून आणला. शेण कालवलं, वर सोडणं रचली, हा एवढा थर. मग रोज वर मान करून बघायचं. पौषात गावातल्या फणसांना कुयऱ्या दिसायला लागल्या, कुयरी म्हणजे फणसाचं कोवळं पोर, बोटभर, खोडालाच फुटतं. आमच्या फणसाला काही नाही. शिरीष रोज खोडावरून हात फिरवून बघायचा. मला फोन करायचा, “सुलूताई, एका ठिकाणी फुगल्यासारखं वाटतंय, येऊन बघा.” मी जायची. पालवीच असायची.

माघ गेला. फाल्गुन आला. पाहुणे वाढले, पुढच्या खोल्या पुरेनात. शिमगा झाला आणि खोड कोरंच. शिरीष मला म्हणाला, “माझा जामीन खोटा ठरला हो.” हसून म्हणाला, पण त्याचं तोंड बघवेना. त्याने झाडं तोडणाऱ्या इक्बालभाईला सांगावा धाडला.

इक्बालभाई सकाळी मशीन घेऊन आला. मीही गेले होते. कशाला, तर पाचोळ्यासाठी. चार महिने मुरलेलं ते सोनं झाडाखाली चिरडून जाईल, त्यापेक्षा उचलून मिरच्यांच्या वाफ्यांना घालावं म्हटलं. माळणीची जात, मयताच्या घरीही खताची जागा बघून ठेवेल. इक्बालभाई ओटीवर चहा घेत होता, शिरीष त्याच्याजवळ बसला होता. काकू उंबऱ्याशी पाटावर. मी खाली वाकून दोन्ही हातांनी पाचोळा ओढायला लागले.

वरचा थर निघाला. खालची माती काळी, मऊ, गार. आणि बुंध्यापासून हातभर अंतरावर भुईला भेग. मला वाटलं उंदराचं बीळ. नीट बघितलं तर भुई फुगून वर आली होती, खालून कोणी पाठ लावून उचलल्यासारखी. म्हटलं, पाणी घालून घालून मुळं उचलली की काय? बोटांनी माती सारली. बोटांना टोचलं.

काटे. हिरवे, बारके, एकाला एक चिकटलेले काटे.

मी ऐकलं होतं. फार म्हातारा फणस कधीकधी वर फळत नाही, मुळाला फळतो, जमिनीच्या पोटात. जुनी माणसं सांगायची, भुई फाटते तेव्हा कळतं. ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं, म्हाताऱ्यांच्या बाता म्हणून. सगळी हयात मी झाडांच्या बुंध्याशी घालवली, शेकडो फणस हाताखालून गेले, आणि हे मी कधी बघितलं नव्हतं. मी आणखी माती सारली. नारळाएवढा फणस. त्याच्या कुशीला दुसरा, जरा लहान. पलीकडे आणखी एक भेग. आम्ही सगळे चार महिने वर माना करकरून बघत होतो, आणि तो आमच्या पायांखाली फळत होता.

मी तशीच गुडघ्यांवर बसून राहिले, हात मातीत. मग ओरडले, “दादा! दादा, जामीन सुटला तुमचा!”

शिरीष धावत आला. माझ्यासमोर मांडी घालून मातीत बसला आणि लहान पोरासारखा हसायला लागला, मग डोळे पुसायला लागला. इक्बालभाई कप घेऊनच आला होता. वाकून बघितलं, कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, “सुभानअल्ला! चाळीस वर्षं झाडं तोडतोय, बाय. असलं न्हाय बघितलं.” मग आपलं मशीन पोत्यात गुंडाळायला गेला. त्याला ते सांगावं लागलं नाही.

मागे पावलं वाजली. काकू परसात आली होती. वादळानंतर पहिल्यांदा, अनवाणी. विहिरीच्या कठड्याला धरत धरत आली आणि माझ्या शेजारी भुईवर बसली. तिने हात पुढे करून त्या काट्यांवरून फिरवला.

इक्बालभाईला पोचवायला शिरीष पुढे गेला. (खोली पुढे एकच बांधली त्याने, आणि तिची भिंत फणसापाशी वाकडी घेतली. पाहुणे विचारतात, गवंडी प्यायला होता का म्हणून.) आम्ही दोघीच राहिलो. मार्गशीर्षापासून मी तिच्याशी धड बोलले नव्हते, ते तिला कळत होतं.

“सुलू, त्या दिवशी फार रागाने बघत होतीस माझ्याकडे.”

“मग? तुमी का न्हाय बोललात काकू? एक शब्द तर बोलायचा व्हता.”

“मी बोलले असते तर थांबला असता गो तो. आईसाठी थांबला असता. मग मी आहे तोवर झाड, आणि मी गेले की दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड. त्याचं त्याने म्हणायला हवं होतं.”

ही बाई उंबऱ्यात उभी राहून सगळं जाऊ देतेय असं मला वाटलं होतं.

“आणि तो नसता बोलला तर?” मी विचारलं. “मी कोयता उचलला व्हता काकू. घातला असता घाव.”

“ठाऊक आहे. मी डोळे मिटून घेतले होते.”

तिचा हात अजून त्या फणसावरच होता. मग दुसरा हात तिने माझ्यापुढे केला.

“उठव गो मला. आणि ती माती परत ओढ त्याच्यावर. उघडा नको ठेवूस, ऊन लागेल त्याला.”